जुनापाणीची दगडी वर्तुळं आदिमानवाची आहेत का?

नाही. नागपूरजवळ काटोल रोडवरच्या जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातल्या लोकांची, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. आपल्यासारखा माणूस त्याच्या फार आधी, सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत घडला. शेती आणि कायमची गावं पश्चिम आशियात साधारण 11 हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. वर्तुळं बांधणारे तुमच्या-माझ्यासारखेच होते, फक्त काळ वेगळा.

दुसरी गल्लत म्हणजे लोक यांना घरं समजतात. ही दफनस्थळं आहेत. कडेला मोठे काळे दगड, आत दगडमातीचा भराव. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी मडकी आणि घोड्याचे अवशेष मिळालेत. या लोकांच्या वस्त्याही होत्या: पारशिवनीजवळच्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

तिथे गेलात तर कडेचे दगड नीट बघा, काहींवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत. उन्ह तिरपं असताना ते उठून दिसतात, भर दुपारी सावली नसल्याने नजरेतून सुटतात. आणि कृपा करून एकही दगड हलवू नका. जागा बदलली की वर्तुळाची मांडणीच मोडते, ती पुन्हा जुळवता येत नाही.