मुलीची पाठ एका बाजूने वर आलेली दिसते. मोबाइलने घरी मोजता येईल का?

येईल, पण ती स्कोलिओसिसची, म्हणजे मणका बाजूला वाकण्याची, फक्त प्राथमिक चाळणी आहे, निदान नाही.

फोनचं कव्हर काढा आणि पातळी दाखवणारं अ‍ॅप उघडा. ज्या लांब कडेला बटणं नाहीत ती कड खाली ठेवायची, नाहीतर बटणामुळेच एक-दोन अंश तिरपे येतात. आधी सपाट टेबलावर शून्य येतंय ना बघा. मग मुलीला अनवाणी, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून हळूहळू वाकायला सांगा. फोन पाठीवर आडवा ठेवून दोन्ही अंगठे त्याखाली असे धरा की मधल्या फटीत मणक्याची टोकं येतील. फोन दाबू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं. मानेपासून कमरेपर्यंत सरकवत सर्वांत मोठा आकडा टिपा. तीनदा मोजा.

७ अंश किंवा जास्त आले तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. ५-६ असतील तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण वाढीच्या वयात बाक झपाट्याने वाढू शकतो. स्टुलावर बसवून वाकवल्यावर फरक नाहीसा झाला, तर पायांच्या लांबीतला फरक तपासून घ्या.

हा आकडा म्हणजे एक्स-रेवर मणक्याचा बाक मोजणारा कॉब कोन नव्हे. तो १० अंशांपासून स्कोलिओसिस धरतात आणि वाढ बाकी असेल तर साधारण २५ पासून पाठीच्या पट्ट्याचा (ब्रेस) विचार होतो. पुण्यात ससूनच्या अस्थिरोग ओपीडीतही दाखवता येईल. एक्स-रे मात्र उभ्याने, पूर्ण मणक्याचा हवा. झोपवून काढलेल्यात बाक कमी दिसतो.

दुखणं, पायाला मुंग्या किंवा लघवीवर ताबा नसणं यांपैकी काही असेल तर अ‍ॅप राहू द्या, लगेच डॉक्टर गाठा.