अंगणातली बाग: पहिल्या वर्षी एवढंच

ताई, नर्सरीत जायची घाई नको. आधी दोन-चार दिवस अंगणात ऊन कुठे आणि किती वेळ येतं ते बघा. पाच-सहा तास मिळत असेल तर जास्वंद, मोगरा, तगर बिनधास्त लावा. सावलीत मनीप्लांट, नेचे.

नवशिक्यांची झाडं मरतात ती बहुतेक पाण्यानं. कमी नव्हे, जास्त! आपली काळी माती वरून भेगाळली तरी खाली ओल धरून असते. बोट दोन पेरं आत घाला. ओलसर लागलं तर आज पाणी नाही. लावताना शेणखत मिसळलंत की माती भुसभुशीत होते. नुसती वाळू घालायला लोक सांगतील, ऐकू नका.

आणखी नेहमीच्या चुका:
– एप्रिल-मेच्या उन्हात रोपं लावणं. जूनचे एक-दोन चांगले पाऊस होऊ द्या.
– हौसेनं लॉन. उन्हाळ्यात त्याला पाणी कुठून आणणार?
– आंबा कंपाउंडच्या भिंतीला खेटून.

कलमं, फवारण्या यंदा विसरा. वाळलेली पानं जाळू नका, झाडाभोवती पसरा, खोडापासून चार बोटं सोडून.

जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जरूर जा. पाकीट मात्र घरी ठेवून.