रिव्हॉल्वर तुमच्या नावावर, भीती घरभर

पत्र, थोडक्यात: मुलुंडला राहतो, वय 56. सोन्याचं दुकान होतं. खंडणीचे फोन आले तेव्हा रिव्हॉल्वरचा परवाना काढला. दुकान गेल्या वर्षी विकलं, पण रिव्हॉल्वर घरीच आहे. मार्चमध्ये परवान्याची मुदत संपते. बायको म्हणते, नूतनीकरण केलंत तर मी चिपळूणला भावाकडे निघून जाईन. मुलगा बारावीला आहे. मध्यंतरी रात्री स्टेशनबाहेर दोघंजण एका पोराला मारत होते. माझा हात कमरेला गेला. हत्यार काढलं नाही, दुसरंही काही केलं नाही. पोराचं डोकं फुटलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. हत्यार असून मी भित्रा ठरलो का?

भाऊ, हत्यार काढलं नाहीत ते उत्तम केलंत. मुलुंड स्टेशनबाहेर रात्री उशिरासुद्धा रिक्षाची रांग असते. चुकलेली गोळी त्या रांगेतच गेली असती. दुसऱ्याचा जीव वाचवायचा हक्क कायदा देतो, भारतीय न्याय संहितेचं कलम 35 पाहा. पण कलम 37 लगेच त्याला वेसण घालतं: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर तो हक्कच नाही.

मला खटकलं ते तुमचं ‘दुसरंही काही केलं नाही’. कमरेला काही नसतं तर तुम्ही ओरडला असतात. रिक्षावाल्यांना हाक मारली असती, 112 फिरवला असता, निदान नंतर त्या पोराला दवाखान्यात नेलं असतं. त्या क्षणी तुमच्या डोक्यात एकच प्रश्न होता, काढू की नको? त्यात बाकीचे सगळे उपाय बुडाले. अनोळखी माणसाचं आपण देणं लागतो ते एवढंच, आणि त्याला परवाना लागत नाही. उलट ज्याच्याकडे हत्यार आहे त्याला पार्किंगवरून, रांगेवरून भांडायची चैनसुद्धा परवडत नाही. त्याने शिवी ऐकून पुढं जायचं. तुम्हाला ते जमतं का, हे तुमचं तुम्हाला ठाऊक.

आता वहिनींचं. अर्ज करण्याआधी त्यांना विचारलं होतंत का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. बऱ्याच घरांत चौकशीला आलेल्या पोलिसाला चहा देतानाच बायकोला कळतं. परवाना एकट्याच्या नावावर असतो, रोजचं राहणं मात्र सगळ्यांचं त्या हत्याराबरोबर. कपाटाची किल्ली कुठं असते हे मुलाला माहीत नाही असं समजू नका, मुलांना सगळं माहीत असतं. बारावीचं वर्ष आहे. एखाद्या वाईट संध्याकाळी पोराच्या हाताशी काय असावं आणि काय नसावं, हे मी जास्त उलगडून सांगायला नको. तो मित्रांबरोबर मरीन ड्राइव्हला जाऊन रात्री दोनला लॅचकीने दार उघडेल, तेव्हा पॅसेजमधली सावली चोराची असण्यापेक्षा त्याची असण्याचीच शक्यता जास्त. आणि फ्लॅटचं दार गोळी अडवत नाही, समोर शेजाऱ्यांचं दार आहे.

दहिसरला फेब्रुवारी 2024 मध्ये माजी नगरसेवकाची हत्या झाली. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं असल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. म्हणजे आपलं हत्यार कुणाच्या हाती पडेल, याचा घोर हत्यारवाल्यानेच घ्यायचा असतो.

धमक्या चालू असत्या, रोज ऐवज घेऊन झवेरी बाजारातून यावं लागत असतं, तर मी वेगळं बोलले असते. भरभक्कम तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि नेमबाजीचा नियमित सराव, एवढं तरी सांगितलं असतं. पण दुकान गेलं, सोनं गेलं. उरलाय तो रुबाब, आणि त्याची किंमत वहिनी मोजताहेत. त्या चिपळूणला जाण्याची भाषा करताहेत, ती धमकी नाही हो, त्यांना तुमच्या घरात झोप लागत नाहीये.

नूतनीकरण करू नका. मार्चची वाटही पाहू नका, कारण मुदत संपल्यावर हत्यार घरात राहिलं तर वेगळंच लफडं होतं. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. मग ते विकायचं की कसं, ते सावकाश ठरवा. काडतुसं मोजून त्याच फेरीत द्या. एखादं ड्रॉवरच्या कोपऱ्यात विसरलं, तर परवान्याविना ते एकटंसुद्धा गुन्हा ठरू शकतं.