घर तारण ठेवून अमेरिकेत एम.आर्क., की अहमदाबाद?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. साताऱ्याचं राहतं घर, शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेच्या २८ लाखांच्या ठेवी, महिना ३८ हजार पेन्शन. लेक पुण्यात बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) झाली, तीन वर्षं नोकरी करतेय, पगार ३४ हजार. तिला अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठात दोन वर्षांच्या एम.आर्क.ला, म्हणजे पुढच्या पदवीला, प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती वजा जाता खर्च ८५ लाख. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात वारसा-जतनाच्या अभ्यासक्रमालाही मिळालाय, तिथे राहण्याजेवणासकट १६ लाख. ठेवींतले १५ लाख घालून उरलेल्या ७० लाखांसाठी घर तारण ठेवू का, असं तुम्ही विचारता.

ठेवू नका, असंच मी सांगेन.

बँकेने तुम्हाला ७० लाखांचा आकडा सांगितला, हप्ता सांगितला नाही. साडेदहा टक्के दराने, चार सत्रांत उचललेल्या कर्जावर शिक्षण संपून सहा महिने होईपर्यंत सुमारे १३ लाख व्याज चढतं. म्हणजे फेडायला सुरुवात होते ती ८३ लाखांपासून. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण १ लाख १२ हजार, पंधरा वर्षं घेतली तर ९२ हजार.

सॉफ्टवेअरला गेलेल्या मुलांची उदाहरणं तुमच्या कानावर आली असतील. आर्किटेक्टचं तसं नसतं, हा पेशा उशिरा पैसे देतो. अमेरिकेतल्या मोठ्या शहरात नवख्याला वर्षाला ६०-६५ हजार डॉलर मिळाले, तर कर जाऊन हातात महिना चार हजारांच्या आसपास पडतात. डॉलर ९० रुपये धरला तर दहा वर्षांचा हप्ता साडेबाराशे डॉलरचा. भाडं, विमा, जेवण भागवून तो निघेल, पण ओढाताण करून, आणि नोकरीत खंड पडला नाही तरच. शिवाय पदवी मिळाली म्हणून तिथे आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. नोंदवलेल्या कामाचे ३,७४० तास आणि सहा परीक्षा झाल्यावर परवाना मिळतो. बहुतेक राज्यांत त्यासाठी पदवी 'नाब' या संस्थेची मान्यता असलेली लागते. बी.आर्क. झालेल्यांसाठीच्या पुढच्या पदवीला ही मान्यता नसते. तिचा अभ्यासक्रम कोणता, हे विद्यापीठाला लेखी विचारायला सांगा.

व्हिसासाठी विद्यापीठ जो आय-२० फॉर्म देतं, त्यावरचा अभ्यासक्रमाचा कोडही बघायला सांगा. ०४.०९०२ असेल तर तो विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत येतो, आणि शिक्षणानंतर कामाची १२ महिन्यांची मुदत आणखी २४ महिन्यांनी वाढवता येते. ०४.०२०१ असेल तर एकच वर्ष, पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नंबर लागेल तर लागेल.

नाही लागला तर? ती पुण्यामुंबईत परत येईल, चांगल्या ऑफिसात ६०-७० हजार पगार मिळेल, आणि हप्ता असेल ९२ हजार. तो तुमच्या पेन्शनमधून जाऊ लागेल आणि तारण असेल तुमचं छप्पर. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो. व्याजावरच्या करसवलतीचं आमिष कुणी दाखवलं तर एवढंच लक्षात ठेवा, की ती जुन्या करपद्धतीतच मिळते. आणि अमेरिकेत पगार घेणाऱ्या मुलीचं भारतात करपात्र उत्पन्न असणार तरी किती?

आता सेप्ट. 'अहमदाबादला तेवढं नाव नाही' असं तुम्ही लिहिलंत, ते मला पटलं नाही. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९६२ साली ही शाळा सुरू केली. २०१८ साली त्यांना प्रिट्झकर हे वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक मिळालं. तुमच्या लेकीचा प्रबंध वाईच्या वाड्यांवर होता, आणि तिला जतनाचंच काम करायचंय. चुना, लाकूड, दगडाचे घाट, त्यातले कारागीर हे सगळं इथेच शिकायला मिळतं. भारतात वास्तुविशारद म्हणून नोंदणीला बी.आर्क. पुरते, त्यामुळे पुढची पदवी घ्यायची ती या कौशल्यासाठीच. तिच्या बचतीतून आणि तुमच्या ठेवींतून मिळून ६ लाख घाला, १० लाख कर्ज घ्या. शिकत असतानाच व्याज भरत राहिलात तर दहा टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता १६,६०० च्या आसपास येतो. तो तिला स्वतःला झेपेल.

पत्रात नसलेला एक पर्यायही सांगते. गेट या प्रवेशपरीक्षेचा आर्किटेक्चरचा पेपर देऊन दिल्ली किंवा भोपाळच्या एस.पी.ए.मध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जतनाचं एम.आर्क. करता येतं, आणि गेट पात्र विद्यार्थ्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. परदेशाचीच ओढ असेल तर इटलीतल्या मिलानचं पॉलितेक्निको विद्यापीठ बघा. तिथे इंग्रजीतून शिकवतात आणि वर्षाची फी जास्तीत जास्त चार हजार युरोच्या आसपास असते.

अमेरिकेचा दरवाजा आजच बंद करू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, शिष्यवृत्ती वाढेल का, हे तिने या आठवड्यात विद्यापीठाला विचारावं. कर्ज २५ लाखांच्या आत आलं, कोड योग्य निघाला आणि घर तारणातून सुटलं, तर मी माझं मत बदलेन. त्या कर्जाचा पंधरा वर्षांचा हप्ता ३३ हजारांच्या आत बसतो, आणि परत यावं लागलं तरी तिच्या इथल्या पगाराच्या साधारण निम्म्यात भागतो.

हे पत्र तिला वाचायला द्या. आईने घर पणाला लावायची तयारी दाखवली की मुलीला नको म्हणणं जड जातं. म्हणून आकडे दोघींनी समोरासमोर बसून बघा. विद्यापीठाची उत्तरं आली की मला कळवा, त्याप्रमाणे पुन्हा हिशेब मांडू.