अँजिओप्लास्टीआधी टिमी ० होता, मग बाबांचं पंपिंग सुधारेल का?

प्रश्न दोनदा वाचला. बाबा ६१ वर्षांचे, राहायला डोंबिवलीला. हार्ट अटॅक आला, पण पित्त झालंय म्हणून चार तास घरीच काढले, मग अँजिओप्लास्टी झाली. रिपोर्टात आधी टिमी ० (शिरेतल्या रक्तप्रवाहाची श्रेणी, खाली सांगतो), नंतर टिमी ३, आणि इकोत पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद, ३५ टक्के. मामांची शीर तीच, स्टेंटही तसाच, पण त्यांचा प्रवाह आधीच टिमी ३ होता आणि ते महिन्याभरात कामावर गेले. शीर दोघांचीही उघडली, मग फरक का, असं तुम्ही विचारताय.

मी डॉक्टर नाही. परळला कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात तिथे, टेक्निशियन म्हणून २३ वर्षं काढली, तेवढ्यावर लिहितो.

टिमी म्हणजे शिरेत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडल्यावर पडद्यावर दिसणारा प्रवाह. ब्लॉकच्या पुढे डाय जातच नाही तो ०. थोडा झिरपतो पण शीर शेवटपर्यंत भरत नाही तो १. भरते, पण रेंगाळत, तो २. आणि नेहमीसारखी झरझर भरली की ३. मामांच्या बाबतीत गुठळी टेबलावर येण्याआधीच बरीचशी विरघळली असणार. कधी ती आपोआप विरघळते, कधी आधी दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनांनी. म्हणजे त्यांच्या स्नायूची उपासमार स्टेंटच्या आधीच थांबली. बाबांची फुगा फुगेपर्यंत चालूच होती.

हृदयाच्या मोठ्या शिरा बाहेरच्या अंगाने जातात, म्हणून आतला थर सगळ्यात लांब पडतो. चाळीत पाण्याचा दाब कमी झाला की आधी वरच्या मजल्याचे नळ कोरडे पडतात, तसंच. स्नायू आतून मरायला लागतो आणि तासागणिक ते मरण बाहेरच्या बाजूला सरकतं. बाबांचे चार तास इथे खर्ची पडले. (छातीतल्या 'पित्ता'साठी सोडा पिऊन वाट पाहणारे मी इतके पाहिलेत की आता रागही येत नाही.)

याचा अभ्यास झालेला आहे. पामी या अभ्यासमालेतल्या २,५०७ रुग्णांचा हिशोब २००१ साली प्रसिद्ध झाला. अँजिओप्लास्टीआधीच टिमी ३ असलेले जेमतेम १६ टक्के. सहा महिन्यांत त्यांच्यातले ०.५ टक्के दगावले, टिमी २ वाल्यांतले २.८ आणि ० किंवा १ वाल्यांतले ४.४ टक्के. नंतरचा प्रवाह कितीही चांगला मिळाला तरी आधीच्या प्रवाहाचा परिणाम उरतोच. पण तोच ४.४ उलटा वाचा: टिमी ० किंवा १ घेऊन आलेल्यांतले ९५ हून जास्त टक्के सहा महिन्यांनी जिवंत होते.

मग सगळ्यांनाच आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन का देत नाहीत? करून पाहिलंय. असेंट-४ चाचणीत टेनेक्टेप्लेजचा पूर्ण डोस देऊन लगेच अँजिओप्लास्टी केली, तर मृत्यू आणि मेंदूतला रक्तस्राव वाढला. चाचणी मध्येच थांबवावी लागली. जिथून कॅथ लॅब दोन तासांत गाठता येत नाही तिथे मात्र आधी इंजेक्शन आणि यशस्वी झालं तर २ ते २४ तासांत अँजिओ हाच रस्ता. कोकणातल्या आडगावाला ते लागू, डोंबिवलीला नाही.

आता ३५ टक्क्यांचं. अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांतला इको शेवटचा धरू नका. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. तो काही आठवड्यांत हळूहळू हलायला लागतो. किती हलेल ते आज कुणीच सांगणार नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा इको करायला डॉक्टर सांगतीलच, नाही सांगितलं तर विचारा. निव्वळ पंपिंग कमी आहे म्हणून आत्ताच छातीत आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं यंत्र) बसवायचं कोणी म्हणालं, तर दुसरं मत घ्या. अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि स्टेंटनंतर साधारण तीन महिने औषधांवर थांबून पुन्हा मोजतात. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही स्वतःहून बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी कार्डिओलॉजिस्टला फोन.

आणि एक करा. फाइलमध्ये अँजिओप्लास्टीनंतर तास-दीड तासाने काढलेला ईसीजी असेल, तो पहिल्या ईसीजीशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि एसटी, म्हणजे अटॅकमध्ये ईसीजीच्या रेषेचा वर चढलेला भाग, किती खाली आला ते विचारा. मोठी शीर उघडूनही बारीक केशवाहिन्या तुंबलेल्या राहू शकतात, आणि टिमी ३ वरून ते कळतंच असं नाही. एसटी निम्म्याहून जास्त उतरला असेल तर मी तुमच्या जागी जरा निवांत झोपेन.