चंदनाच्या पिशवीत तूर कशाला?

प्रश्न : मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जानेवारीत नववीचा वर्ग वन संशोधन केंद्रात न्यायचा आहे. मागच्या सहलीत मुलांनी झाडांवरच्या पाट्या वहीत उतरवल्या, डबे खाल्ले आणि गाडीत जाऊन बसली. येताना दाजीपूरही करा, असा पालकांचा आग्रह आहे. मुलांना नेमकं काय दाखवावं?

उत्तर : मॅडम, आधी दाजीपूर काढून टाका. ते जंगल १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे, पण भडंगाच्या पुड्या फोडत अंताक्षरी म्हणणाऱ्या वर्गासाठी गवा काही रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. ती सहल वेगळी, चार-पाच मुलांना घेऊन करायची.

केंद्रात गेल्यावर माहितीपटाच्या खोलीत फार वेळ घालवू नका. सरळ रोपवाटिका गाठा. तिथे चंदनाची रोपं असतील तर पिशवीत चंदनाच्या शेजारी तुरीचं किंवा दुसरं एखादं रोप दिसेल. मुलं म्हणतील, तण उगवलंय. म्हणू द्या. मग तिथल्या माळीमामांना किंवा पिशव्या भरणाऱ्या मावशींना विचारायला लावा. ते तण नाही, मुद्दाम लावलेलं असतं. चंदनाची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून पाणी आणि क्षार ओढतात. केंद्रातून एखादं टाकाऊ रोप मागून घ्या आणि माती बादलीत हलक्या हाताने धुऊन काढा; उपटलंत तर नेमकं बघायचं तेच तुटतं. टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी तुरीच्या मुळांना धरून बसलेल्या दिसतील. साधं भिंग पुरतं. अमरवेलीची चूषक मुळं मुलं पुस्तकात शिकलेली असतात. पण अमरवेल पिवळी आणि बिनपानांची, चंदन मात्र हिरवंगार आणि स्वतःचं अन्न स्वतः करणारं. मग याला परजीवी म्हणायचं का? उत्तर लगेच सांगू नका, जरा भांडू द्या. (अर्धपरजीवी हा शब्द फळ्यावर नंतरही लिहिता येतो.)

दुसरं काम मोजणीचं. वनखात्यात झाडाचा घेर मोजतात तो जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, साधारण छातीच्या उंचीला. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या बाजूने धरायची. शिंप्याचा टेप न्या. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास: ९४ सेंटिमीटर घेराचा सागवान सुमारे ३० सेंटिमीटर जाड. एकच झाड तीन गटांना वेगवेगळं मोजायला सांगा. आकडे जुळणार नाहीत, आणि प्रायोगिक झाडांवर रंगाचा पट्टा का मारतात ते त्यातूनच कळेल: दर वेळी त्याच जागी मोजायचं असतं.

सागाचा कापलेला ओंडका असेल तर वलयं मोजू द्या. साग कोरड्या दिवसांत पान टाकतो, वाढ थांबते, म्हणून त्याची वलयं ठळक. जांभळात ती इतकी स्पष्ट मिळत नाहीत. खाली पडलेली सागाची फळंही वेचू द्या, अर्थात विचारून. एका फळात चार कप्पे, म्हणजे एकातून जास्तीत जास्त चार रोपं. कवच मात्र इतकं कठीण की पेरण्याआधी फळं पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवावी लागतात. शाळेत एक ढीग भिजवून-वाळवून आणि एक तसाच पेरा.

एवढ्यात दिवस संपतो. टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा काचेतून दाखवली तरी चालेल, आत घेतीलच असं नाही.

सहलीचा वृत्तांत लिहून घेऊ नका. सगळे एकमेकांचा उतरवतात. तुरीच्या मुळावरच्या त्या गाठीची आकृती मागा, जिने जशी पाहिली तशी. आणि केंद्राला परवानगीचं पत्र पाठवाल त्यात चंदनाचं टाकाऊ रोप ठेवायला आधीच सांगा. आयत्या वेळी ते सापडत नाही.