संध्याकाळ झाली की बाबा ‘घरी’ निघतात

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे असून अजनीहून रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. दोन वर्षांपूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान केले. दुपारपर्यंत त्यांचे बरे चालते. पण दिवेलागणीला ते चपला घालून, पिशवीत टॉवेल आणि जुने पासबुक भरून दाराशी उभे राहतात आणि ‘मला घरी जायचे आहे, आई वाट पाहत असेल’ असे म्हणतात. नागपूरच्या महाल भागातला वाडा विकून २० वर्षे झाली, आजेसासूबाई तर त्याच्याही आधी वारल्या. खरे सांगितले की ते रडतात, नाहीतर मी त्यांना कोंडून ठेवले, त्यांचे पैसे चोरले, असे शेजाऱ्यांना सांगतात. यंदा मे महिन्यात दोन-तीन दिवसांतच ते एकदम बिघडले आणि मलाही ओळखेनासे झाले. नंतर थोडे सावरले. पुण्याच्या नणंदबाई मात्र ‘फोनवर बाबा अगदी नीट बोलतात’ असे म्हणतात. बाबांशी रोज खोटे बोलणे मला पटत नाही. काय करावे?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ‘आई वाट पाहत असेल’ असे म्हणणाऱ्या माणसाला ‘त्या केव्हाच गेल्या’ असे सांगणे म्हणजे दर संध्याकाळी त्याला आईच्या मृत्यूची बातमी नव्याने देणे होय, कारण काल ती दिली होती हे त्याच्या ध्यानातच नसते. या आजारात नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर झिजतो आणि बालपणीच्या आठवणी त्यामानाने पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. म्हणून राहता फ्लॅट परका वाटू लागतो आणि महालातला वाडा तेवढा आपला उरतो. उजेड मंदावणे, दिवसभराचा थकवा आणि झोपेचे बिघडलेले चक्र यांमुळे ही घालमेल संध्याकाळी वाढते.

खोटे बोलण्याची सहसा गरजच पडत नाही, असे माझे मत आहे. वाडा आहे की विकला, या वादात शिरूच नये. ‘बाबा, आजींची फार आठवण येते का? संध्याकाळी त्या काय करायच्या?’ एवढे विचारून त्यांना बसते करावे. महालात वाढलेल्या माणसाला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक बहुधा आठवत असेल. तिच्यावर अर्धा तास सहज निघतो. तरीही ते निघालेच तर दार अडवू नये, सोबत जावे, कॉलनीला एक फेरी मारावी आणि ‘चहाची वेळ झाली’ म्हणत परत आणावे. ‘घरी जायचे’ या म्हणण्यामागे कित्येकदा लघवीची घाई, भूक किंवा दुखणारा गुडघाही असतो, तेव्हा आधी तेवढे पाहून घ्यावे. अंधार पडण्याच्या पुष्कळ आधी सगळे दिवे लावून पडदे ओढावेत आणि त्या वेळी हातांना काम द्यावे, मग ते मटार सोलण्याचे असो की रेल्वेचे जुने टाइमटेबल चाळण्याचे. खिशात नाव व तुमचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. बाहेरून कुलूप लावून त्यांना एकटे ठेवणे मात्र धोक्याचे आहे.

चोरीच्या आरोपाचा खुलासा करत बसू नये. वस्तू त्यांनीच कुठेतरी ठेवलेली असते. ‘चला, दोघे मिळून शोधू’ म्हणावे आणि ती त्यांच्याच हाताला लागू द्यावी.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र मे महिन्याची आहे. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. दोन-तीन दिवसांत माणूस ढासळला तर त्यामागे बहुधा दुसरे कारण असते, ज्या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणि सोडियम झपाट्याने घटू शकते. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पडल्याने डोक्याला लागलेला मार, ही इतर कारणे. अशा वेळी ‘आजार वाढला’ असे समजून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. एरवी ‘पाणी हवे का?’ असे विचारत बसण्यापेक्षा दर तासाला पेला हातातच द्यावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण आधी विचारून घ्यावे. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, त्यांतल्या अनेक गोळ्यांनी गोंधळ वाढतो. चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे; ती लागलीच तर कमी मात्रेत, थोड्या काळापुरती आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. निदानाच्या वेळी जीवनसत्त्व बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली होती की नाही, तेही जुन्या कागदांत पाहावे.

नणंदबाईंचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. ‘बरा आहे, जेवलीस का, मुले कशी आहेत’ ही रुळलेली वाक्ये या आजारात बराच काळ शाबूत राहतात आणि पाच मिनिटांच्या फोनला तेवढी पुरतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आठ दिवस बाबांची पूर्ण जबाबदारी त्यांच्यावर सोपवून तुम्ही माहेरी जावे, म्हणजे तुम्हाला विश्रांती मिळेल आणि त्यांना संध्याकाळ दिसेल. रोजच्या सेवेत यजमानांचा वाटा किती, याविषयी पत्रात एक अक्षरही नाही. तो ठरवून घ्यावा. मन फार थकले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आणि ज्येष्ठांविषयीच्या माहितीसाठी १४५६७ वर विनामूल्य बोलता येते.

कागदपत्रांचे काम लांबणीवर टाकू नये. समज पुरती गेल्यावर साधे मुखत्यारपत्र कायद्याने टिकत नाही आणि मग न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून बाबांना व्यवहार अजून कळत असेल, तर डॉक्टरांचा तसा दाखला घेऊन मृत्युपत्र व बँकेतील नामनिर्देशन वकिलांच्या सल्ल्याने उरकावे. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. नोव्हेंबरात ते काम सकाळच्या वेळी, बाबांचे मन स्वस्थ असताना करावे.